जमीन वाळेपर्यंत

तुमच्या घरातली बाई दिवसातून किती वेळ हात रिकामे ठेवून बसते? नीट आठवून सांगा. जेवायला बसते ते सोडा, आजारी पडते तेही सोडा. मांडीवर मूल नाही, पुढ्यात सूप नाही, हातात सुई नाही, अशी नुसती बसलेली तुम्ही तिला शेवटची कधी पाहिलीत?

खरं तर हे विचारायचा मला हक्क नाही. ज्या बाईमुळे हा प्रश्न मला पडला, तिच्या घरातला असा वेळ मीच काढून घेतला. तोही चोरून नव्हे. चांगला छापून, बांधून, लोकांच्या हातात देऊन.

तिचं नाव गौरव्वा. चाळीत सगळे तिला गौराक्का म्हणत. सोलापुरात गिरणीच्या मागच्या अंगाला आमची चाळ होती आणि तिच्या नि माझ्या खोलीच्या मध्ये एकच कुडाची भिंत. मी छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचं काम करीत असे. वय एकवीस. वडील लवकर गेले, आणि त्यांच्यामागे मला वाढवलं ते पत्रकांनी, असं म्हटलं तर ते फार खोटं होणार नाही. दारूवर, हुंड्यावर, परदेशी कापडावर, चहावर, कशावरही कुणी पत्रक काढलं की मी ते आधी जुळवीत असे आणि मग त्यावर विश्वास ठेवीत असे. जगातल्या प्रत्येक दुखण्यावर सोळा पानांत उपाय सांगता येतो, अशी माझी खात्री होती.

गौराक्का गिरणीत सूत गुंडाळायच्या रीळ खात्यात होती. नवरा वारलेला, एक मुलगी नीला. बाई उंच, हाडापेराने मोठी, आणि आवाज एवढा की तिने खोलीतून हाक मारली तर नळावरच्या बाया वळून बघत. घरात कानडी, चाळीत मराठी, आणि चिडली की दोन्ही. मला ती ‘तम्मा’ म्हणायची, म्हणजे धाकटा भाऊ. मी ब्राह्मणाचा, ती लिंगायताची, पण पहिल्याच आठवड्यात तिने माझी खोली दारातून पाहिली आणि नाकाला पदर लावून म्हणाली, “तम्मा, हितं माणूस ऱ्हातंय का कोंबडी?”

तिच्याकडे घड्याळ नव्हतं. गिरणीचा भोंगा होता. सकाळचे तीन भोंगे म्हणजे तिच्या दिवसाचे तीन कप्पे. पहिल्या भोंग्याला ती उठे. दुसरा होईपर्यंत पाणी भरून, केर काढून, अंघोळ आणि लिंगपूजा उरकून चूल पेटलेली असे. तिसऱ्याला ती डबा घेऊन गिरणीच्या दारात. मधल्या एकाही कामाची ती घाई करताना मला दिसली नाही. घाई चाळीतल्या बाकीच्या बाया करीत. गौराक्का चालत असे ती नेहमीच्याच चालीने, पण तिची एकही फेरी एका कामाची नसे. नळावर निघाली की जाताना हातात केराची पाटी, येताना घागर. “रिकामं जायाचं न्हाय नि रिकामं यायाचं न्हाय,” ती म्हणे. “पाय तेवढंच दुकतेत की!”

सुट्टीच्या दिवशी ती आठवड्याच्या कडक भाकऱ्या करून ठेवी. ज्वारीच्या, पापडासारख्या पातळ, तव्यावरून उतरवून निखाऱ्याशी उभ्या करून वाळवलेल्या. त्या डब्यात भरल्या की आठवडाभर चूल अर्धा वेळच पेटवायची. गिरणीत नेसायचं लुगडं ती घरात आणीत नसे. बाहेर खुंटीवर, कापसाच्या भुशासकट. घरात पाऊल टाकण्याआधी केस झटकायचे, पाय धुवायचे. “भुसा गिरणीचा हाय. त्यो गिरणीतच ऱ्हावा. फुकट कशाला सांभाळू?”

केरसुणी कशी टांगावी म्हणजे तिची पाती वाकत नाहीत, झाडण्याआधी पाण्याचा हबका कुठून कुठे मारावा म्हणजे धूळ उडत नाही, तांब्याच्या हंड्याला चिंच आधी की राख आधी, हे सगळं मी तिच्याकडून शिकलो. माझ्या बाजेतले ढेकूण तिनेच घालवले. मी त्यांच्यावर एक पत्रक वाचून गंधकाची धुरी दिली होती; ढेकूण शाबूत राहिले, मी खोकून बाहेर आलो. गौराक्काने बाज भर उन्हात काढायला लावली, उकळतं पाणी सांध्यासांध्यांत ओतलं, मग चिंधीने घासलेट चोळलं, आणि हे तीन सुट्ट्यांना ओळीने करायला लावलं. पहिल्या खेपेनंतरच मी म्हणालो, “अक्का, गेले की सगळे.”

“मोठं गेलं, तम्मा. अंडी आत हसाय लागलीत. फुडच्या सुट्टीला परत काड.”

छापखान्यातली रद्दी मी तिला देत असे. कंदिलाची काच ती आधी राखेने आणि मग कागदाने पुशी. तिला वाचता येत नव्हतं, पण कागद ओळखता येई. “ह्यो तुझा दारूचा कागद लई चांगला. काच कशी चकचकती! त्यो हुंड्याचा न्हाय चांगला, शाई सुटती.” मी दुखावलो. ती हसली. मग मीही.

आता सारवणाचं सांगतो. सारं तिथेच आहे.

आमच्या खोल्यांची जमीन मातीची. चाळीत बहुतेक बाया आठवड्याने सारवीत. गौराक्का आठवड्यातून दोनदा सारवी. एकदा सुट्टीच्या दुपारी, आणि एकदा मधल्या वारी, गिरणी सुटल्यावर दिवेलागणीच्या आधी. आठ तास उभी राहून आलेली बाई नव्हे, चांगली दहा तास. पदर खोचून शेणाची पाटी घेऊन बसे. बाया म्हणत, हिला स्वच्छतेचं खूळ आहे. मला मात्र ते फार थोर वाटे.

मीही एकदा सारवायला घेतलं. बायकांची कामं पुरुषांनी करावीत, असं एक पत्रक नुकतंच जुळवलं होतं. शेण कालवलं, दारापासून सुरुवात केली आणि मोठ्या उत्साहाने सारवीत सारवीत आत गेलो. शेवटचा हात फिरवून मान वर केली, तेव्हा मी खिडकीखालच्या कोपऱ्यात होतो आणि दारापर्यंत सगळी जमीन ओली. बाहेर जावं तर पावलं उमटणार. मी भिंतीला पाठ लावून उकिडवा बसलो. गौराक्काने दारातून पाहिलं आणि ती जी हसायला लागली, ती नळावरच्या बाया गोळा होईपर्यंत.

“आगं बगा गं, तम्मानं सोताला कोंडून घेतलंय! आरं, पाट दाराकडं करून सारवायाचं असतंय. मागं मागं सरकत भाईर यायाचं.”

“आता काय करू, अक्का?”

“काय करतोस? कुंद्रु.” कुंद्रु म्हणजे बस. “जमीन वाळंपर्यंत कुंद्रु. लई दिसांनी बसाय गावलंय तुला.”

मी अर्धा तास त्या कोपऱ्यात बसलो. वाचायला काही नाही, लिहायला काही नाही. आधी चिडचिड झाली, मग भिंतीवर एक मुंगी चढताना पाहिली, मग आईची आठवण आली. जमीन वाळली तेव्हा उठावंसं वाटेना.

नंतर एकदा मी तिला विचारलं, “अक्का, इतकं दोनदोनदा सारवता कशाला? जमीन तर चांगली असते.”

ती तेव्हा सारवून बाहेर आली होती. हातपाय धुतले होते, दाराबाहेरच्या पायरीवर पाय लांब करून बसली होती. तळहात वर करून मांडीवर ठेवलेले. ती नेहमी तशीच बसे. बोलली तर बोले, नाहीतर समोरच्या निंबाकडे बघे. तिने माझ्याकडे पाहिलं, हे कुणाला सांगायचं की नाही असं तोललं, आणि म्हणाली, “तम्मा, घरात बसलं की घर काम दावतंय. हे उचल, ते घास. सारवलं की घरच मला भाईर काढतंय. आता आत जाता येत न्हाय, भांडं घेता येत न्हाय. मग कोन काय म्हनंल? म्या बसले न्हाय, घरानं बसवलंय.”

मला वाटतं, चाळीत हे फक्त मला ठाऊक होतं. नीलालाही तिने सांगितलं असणार, कारण नीलाही मागे मागे सरकत बाहेर येई आणि आईशेजारी तशीच तळहात उघडे ठेवून बसे.

एका सुट्टीच्या दुपारी रीळ खात्याची नायकीण आली. नायकीण म्हणजे बायांवरची मुकादमीण. तिच्या मर्जीवर काम टिकायचं. तिच्याकडे पाहुणे होते आणि भांड्यांना बाई हवी होती. ती दारात उभी राहून म्हणाली, “गौरव्वा, चल, लुगडं बदल. उभ्या उभ्या यायचं.”

गौराक्का उठली नाही. हात जोडून, तोंड अगदी गरीब करून म्हणाली, “आले आसते की बाई. पर लुगडं आत, आन् जमीन ओली. ह्या शेनाच्या लुगड्यानं तुमच्या घरात कशी यिऊ? पावनं काय म्हनतील?”

नायकिणीने आत वाकून पाहिलं. जमीन खरोखरच ओली होती. ती बडबडत दुसऱ्या खोलीकडे गेली. गौराक्काने एक डोळा बारीक करून माझ्याकडे पाहिलं. मी त्या दिवशी खूप हसलो. त्या ओल्या जमिनीशिवाय तिच्यापाशी ‘नाही’ म्हणायला दुसरं काही नव्हतं, हे मला हसताना कळलं नाही.

आणि मग मी पुस्तिका लिहिली. ‘घर, केर आणि वेळ’. सोळा पानं. गौराक्काकडून जे जे शिकलो ते ते तीत आलं. फेरीत दोन कामं, भाकऱ्यांचा डबा, ढेकणांच्या तीन खेपा, केरसुणी, काच. तिचं नाव कुठेच नव्हतं. ‘एका कष्टाळू भगिनीच्या उदाहरणावरून’ एवढंच प्रस्तावनेत होतं, आणि तेही मला फार उदार वाटलं होतं. सातव्या पानावर वेळापत्रक होतं. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत, घटकेघटकेचं. आठवड्यातून दोनदा सारवणं, हेही होतं. त्याखाली ही ओळ:

‘जमीन वाळेपर्यंतचा अर्धा तास व्यर्थ दवडू नये. तेवढ्या अवधीत धान्य निवडावे, वाती वळाव्या अथवा टकळीवर सूत काढावे.’

माझ्या टिपणवहीत त्या जागी दुसरं होतं. ‘जमीन वाळेपर्यंत बसते. घराने बसवले.’ वही अजून माझ्याकडे आहे. पक्की प्रत करताना मी ते वाचलं, आणि मला ते कोरं दिसलं. देश एवढ्या कामात असताना छापील पानावर एका बाईने अर्धा तास नुसतं बसायचं? मी ते काढलं आणि ही ओळ लिहिली. ती मी स्वतः लिहिली, स्वतःच जुळवली. खिळा खिळा उचलून, या बोटांनी. दुसऱ्या कुणावर ढकलायला जागा नाही.

पुस्तिका गाजली. महिलांच्या एका सभेत सातवं पान मोठ्याने वाचलं गेलं आणि टाळ्या पडल्या. टाळ्या पुढे बसलेल्या पुरुषांच्या होत्या. तेव्हा मी तेवढं बारकाईने पाहिलं नाही. पुन्हा छापावी लागली. त्याच महिन्यात नीलाचं लग्न झालं. जावई इरण्णा जवळच्या कुंभारी गावचा, थोडं शिकलेला, छापील अक्षराचा मोठा भक्त. मी आहेर म्हणून त्याला पुस्तिका दिली. आत ‘चि. सौ. नीलाच्या सुखी संसारासाठी’ असं लिहून, खाली सही करून.

दोन महिन्यांनी नीला माहेरपणाला आली आणि परत गेली. दुसऱ्या दिवशी गिरणी सुटल्यावर गौराक्का माझ्या दारात उभी राहिली. हातात पुस्तिका, सभेत वाटली होती त्यांतली एक प्रत.

“तम्मा, हे तू ल्हिलास?”

“हो अक्का,” मी म्हणालो. मला वाटलं, कौतुक ऐकायला मिळणार.

“वाच.”

मी वाचू लागलो. ती दाराला टेकून ऐकत होती. फेरीत दोन कामं आलं तेव्हा मान डोलावली. ढेकणांना हसली. “बराबर ल्हिलंस. सगळं बराबर हाय.” मग सातवं पान आलं. मी वेळापत्रक वाचलं, खालची ओळ वाचली आणि थांबलो.

“आन् बसायचं कुटं ल्हिलंय?”

मी बोट त्याच ओळीवर ठेवलं.

“फुडच्या पानावर आसंल. बग की.”

“नाही अक्का. नाही लिहिलं.”

ती खाली बसली. “जावयानं ह्यो कागद फाडून भित्तीला चिकटवलाय. नीली सारवून भाईर आली की सासू हातात सूप देती. नीली म्हनली, आमच्यात जमीन वाळंपर्यंत बसत्यात. तर जावई कागद वाचून दावतोय. म्हनतोय, हे बग, शिकलेल्या मानसानं ल्हिलंय, तुझ्याच गावच्या.” मग ती म्हणाली, “सासू वाईट न्हाय. तिला तरी कुटं ठावं हुतं? आदी ती बी बसायची म्हनं. आता ती बी बसत न्हाय.”

या वेळी मी गप्प बसलो असतो तरी चाललं असतं. पण मी वाद घातला. वेळ ही देशाची ठेव आहे, म्हणालो. एकेका घरातला अर्धा तास जोडला तर केवढं सूत निघेल, म्हणालो. बसून राहणं हे काही काम नव्हे, असंही म्हणालो. मला स्वतःचा आवाज आठवतो, सभेतला होता. ती ऐकून घेत होती, जसं नायकिणीचं ऐकून घ्यायची तसं.

“व्हय तम्मा,” ती शेवटी म्हणाली. “काम न्हाय ते. म्हून तर.”

उठताना पुस्तिका तिने माझ्या उंबऱ्यावर ठेवली. मी म्हणालो, “राहू दे अक्का, काचेला होईल.”

“ह्यानं काच पुसवत न्हाय,” ती म्हणाली आणि गेली.

त्यानंतर तिने माझ्याकडे रद्दी मागितली नाही. भांडण नव्हतं. हाक मारली की ओ द्यायची, ताक असलं की भांडं दारात आणून द्यायची. पण सारवून बाहेर आली की पायरीवर बसण्याआधी एकदा माझ्या दाराकडे बघे, मी आहे का ते. मी असलो तर ती उठून नळावर जाई. सहा महिने मी हे पाहिलं. पुस्तिकेची तिसरी खेप त्याच सहा महिन्यांत निघाली. ती ओळ मी बदलू शकलो असतो. साचा माझ्याच हाताखाली होता. एक ओळ काढली असती तर पान रिकामं दिसलं असतं, असं मी स्वतःला सांगितलं.

मग तिचा खोकला वाढला. रीळ खात्यातल्या बायांना तो होतोच. काम सुटलं आणि ती नीलाकडे कुंभारीला राहायला गेली. खोली सोडताना तिने ती सारवून दिली. पाठ दाराकडे करून, मागे मागे सरकत. नव्या बिऱ्हाडासाठी.

उन्हाळ्यात मी एकदा सायकलवर कुंभारीला गेलो. काय बोलायचं ते ठरवून गेलो होतो. गल्लीच्या तोंडाशी सायकल लावली आणि समोरच नीलाचं घर दिसलं. नीला नुकतीच सारवून बाहेर आली होती, बादलीत हात धूत होती. पोटुशी होती. ओट्यावर गौराक्का बसलेली. निम्मी झाली होती. परसातून सासूचा आवाज आला, “नीले, सूप घेतलंस का गं?” नीलाने ओले हात पदराला पुसले आणि ओट्यावरचं ज्वारी भरलेलं सूप उचलायला वाकली.

“आन हिकडं,” गौराक्का म्हणाली.

तिने सूप आपल्या मांडीवर घेतलं आणि खडे वेचायला लागली. नीला शेजारी बसली. पाय लांब केले. तळहात वर करून मांडीवर ठेवले आणि डोळे मिटले.

मी पुढे गेलो. मला पाहून नीला दचकून उठायला लागली. गौराक्काने सुपातून मान वर न करता म्हटलं, “कुंद्रु.” मग मला म्हणाली, “तम्मा, आत जाऊ नको, ओलं हाय. पानी लागलं तर घागर भाईरच हाय. घिऊन पी.”

दारातून आतली भिंत दिसत होती. तिच्यावर सातवं पान. कडा पिवळ्या पडलेल्या, खळ सुटलेली, पण अक्षर स्वच्छ. छपाई चांगली झाली होती.

मी पाणी पिऊन ओट्याच्या कडेला बसलो. ठरवलेलं काही बोललो नाही. सोलापूरचं, चाळीचं, नळाचं बोललो. गौराक्का ऐकत होती, मधूनच खोकत होती, आणि तिची बोटं चालूच होती. जमीन वाळेपर्यंत तिचे हात मी कधी हलताना पाहिले नव्हते. नीला झोपली होती बहुतेक. जमीन वाळली तेव्हा मी उठलो.

निम्म्या वाटेवर, सायकल चालवता चालवता, माझ्या लक्षात आलं की तो सगळा वेळ माझे हात रिकामे होते. ते सूप मी मागून घ्यायचं होतं. मला खडे वेचता येतात. तिनेच शिकवलं होतं. त्या दोघी बसल्या असत्या.

मी परत फिरलो नाही. ऊन फार होतं, आणि पुढच्या खेपेला नक्की घेईन, असं म्हटलं. पावसाळ्याच्या तोंडाला ती गेली. पुढची खेप आली नाही.

‘घर, केर आणि वेळ’ तुमच्या घरात असेल. पुष्कळ घरांत आहे. तिच्यातलं बाकीचं सगळं खरं आहे, ते ठेवा. ते गौराक्काचं आहे. सातवं पान काढा. भिंतीला लावलं असेल तर खाली उतरवा, आणि ‘जमीन वाळेपर्यंतचा’ पासून सुरू होणारी ओळ शाईने खोडा. त्या जागी दुसरं काही लिहू नका. आणि येत्या सुट्टीला तुमच्या घरातली बाई सारवून बाहेर आली, की तिच्या हातातलं सूप तुम्ही घ्या. खडे तुम्ही वेचा. काही बोलू नका, कौतुकही करू नका. तिला बसू द्या, जमीन वाळेपर्यंत.